औषधी स्टेंट बसवलेली नस परत अरुंद का होते?

मलप्रभाकाठ, खानापूर

स्टेंट म्हणजे हृदयाची अरुंद नस उघडी ठेवायला आत बसवलेली धातूची बारीक जाळी, आणि तिच्यावर औषधाचा लेप असेल तर तो औषधी स्टेंट. आपल्या सीमाभागात 'स्टेंट ब्लॉक झाला' हे एकच वाक्य तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरलं जातं. त्यामुळे घरचे लोक भलत्याच काळजीत पडतात आणि नेमका प्रश्न विचारायचा राहून जातो. म्हणून आधी तिन्ही वेगळ्या करू.

एक, स्टेंटच्या आत पेशी हळूहळू वाढून जागा अरुंद होते. याला रिस्टेनोसिस म्हणतात. अँजिओग्राफीत (नशीत डाय म्हणजे एक्स-रेवर दिसणारं द्रव सोडून काढलेल्या चित्रात) स्टेंटच्या आत किंवा त्याच्या टोकांपासून ५ मिमीच्या टप्प्यात नळीचा व्यास ५० टक्के किंवा जास्त घटला, की हे नाव लागतं. दोन, स्टेंटमध्ये अचानक रक्ताची गुठळी होते. हे मिनिटांत घडतं आणि बहुतेक वेळा थेट हार्ट अटॅक म्हणूनच समोर येतं. तीन, स्टेंट चांगला असतो, पण दुसऱ्याच नशीत किंवा त्याच नशीत लांबवर नवा अडथळा तयार होतो. तिन्हींची कारणं वेगळी, उपाय वेगळे. हा धागा मुख्यतः पहिल्यासाठी.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी झुरिकमध्ये हृदयाची अरुंद नस उघडायला तिच्यात पहिल्यांदा बलून फुगवला. नुसत्या बलूनच्या त्या काळात १०० पैकी ३० ते ५० जणांची नस काही महिन्यांत परत अरुंद व्हायची. ताणलेली भिंत लगेच थोडी आकसायची आणि पुढे भरून येताना आतल्या बाजूला आखडायची. १९८६ पासून धातूची जाळी आली. आकसणं थांबलं, पण नवी अडचण उभी राहिली. जाळीच्या तारा भिंतीत रुतल्या की शरीराच्या लेखी ती जखमच. मग भिंतीच्या मधल्या थरातल्या स्नायूपेशी आत सरकतात, वाढतात, आपल्याभोवती चिकट गर सोडतात. कातडीवर वण येतो तसाच हा नळीच्या आतला वण. साध्या जाळीत हे प्रमाण २० ते ३० टक्के होतं.

यावर उपाय मिळाला तो सिरोलिमस या औषधातून. ईस्टर बेटावरच्या मातीतल्या एका जिवाणूपासून हे औषध मिळालं आणि ते पुढे आणण्यात सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाचा वाटा सर्वांत मोठा होता. पेशी दुभंगायच्या आधी जी तयारी करते, ती हे औषध मध्येच थांबवतं. डिसेंबर १९९९ मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलोत सिरोलिमसचा लेप दिलेला स्टेंट पहिल्यांदा माणसात बसवला गेला. आजच्या औषधी स्टेंटमध्ये परत अरुंद होण्याचं प्रमाण साधारण ५ ते १० टक्क्यांवर आलं आहे.

मग हे ५ ते १० टक्के का उरतात? माझ्या मते उत्तराचा मोठा भाग औषधात नसून स्टेंट बसवण्यात आहे. कॅथलॅबमधल्या, म्हणजे जिथं अँजिओग्राफी आणि स्टेंटचं काम होतं तिथल्या जाणकारांनी पुढे लिहावं.

कॅथलॅब टेक्निशियन, बेळगाव

बरोबर धरलंत, अण्णा. पहिलं कारण म्हणजे स्टेंट पुरता न उघडणं. हिशेबच मांडतो.

३ मिमीचा स्टेंट पूर्ण उघडला तर आतलं क्षेत्रफळ ७.०७ चौ. मिमी. मागे नशीच्या भिंतीत कडक कॅल्शियम साचलेलं असेल आणि स्टेंट २.३ मिमीपर्यंतच उघडला, तर क्षेत्रफळ ४.१५ चौ. मिमी, म्हणजे ५९ टक्के. आता चांगल्या औषधी स्टेंटमध्येसुद्धा व्यासात ०.१ ते ०.२ मिमी भर पडतेच. पूर्ण उघडलेल्या स्टेंटमध्ये ०.२ मिमी गेले तरी २.८ मिमी उरतात, क्षेत्रफळ ६.१६. अर्धवट उघडलेल्यात २.१ मिमी उरतात, क्षेत्रफळ ३.४६. पेशींची वाढ दोन्हीकडे सारखीच, पण एका पेशंटला चालताना काही होत नाही आणि दुसऱ्याची छाती जिना चढताना भरून येते. वाढ जास्त झाली नाही, मुळात जागाच कमी ठेवली गेली.

आणि हे साध्या अँजिओग्राफीत सहज कळत नाही. डाय घालून दिसते ती नळीची सावली. स्टेंट बसल्यावर सावली सरळ दिसली की काम झालं असं वाटतं. आतून बघायला दोन साधनं आहेत. आयव्हस म्हणजे नशीच्या आतली सोनोग्राफी, तिची बारकाई १०० ते १५० मायक्रॉन (१००० मायक्रॉन म्हणजे १ मिमी). ओसीटी प्रकाशावर चालते, बारकाई १० ते २० मायक्रॉन, पण त्यासाठी रक्त बाजूला सारायला जादा डाय सोडावा लागतो, म्हणून किडनी कमजोर असेल तर आयव्हस बरं. मुख्य डावी नस सोडून इतर ठिकाणी स्टेंटच्या सर्वांत अरुंद जागी आयव्हसने ५.५ किंवा ओसीटीने ४.५ चौ. मिमीपेक्षा जास्त क्षेत्रफळ मिळावं, आणि आजूबाजूच्या चांगल्या नशीच्या ८० टक्क्यांच्या वर स्टेंट उघडावा, असा दंडक आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात. अडथळ्याचा भाग पूर्ण न झाकता स्टेंट आखूड टाकणं. बलून जिथवर फुगवला त्या सगळ्या जागेवर स्टेंट न पोचणं, मग टोकाशी जखम राहते आणि तिथं औषध नाही. दोन स्टेंटमध्ये फट राहणं. टोक चरबीच्या ढिगावरच संपवणं. स्टेंट आत नेताना कडक कॅल्शियमवर घासून लेप निघणं. आणि तार तुटणं. उजव्या नशीला हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला बाक येतो, तिथं लांब स्टेंट किंवा एकावर एक दोन स्टेंट असतील तर वळणावर तार तुटू शकते. तुटलेल्या जागी औषध भिंतीला नीट लागत नाही, तेवढ्याच तुकड्यात वाढ होते.

टिळकवाडीची वाचक

एक प्रश्न. डिस्चार्जपासून दोन्ही रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या एकही दिवस न चुकवता घेतल्या, तरी वर्षाने तिथंच ७० टक्के दिसतं. गोळ्या मग कशासाठी?

औषधपेढी, शहापूर

ताई, हा गैरसमज घराघरांत आहे. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल किंवा टिकॅग्रेलॉर या गोळ्या प्लेटलेट्सना एकमेकांना चिकटू देत नाहीत. त्या गुठळीविरुद्ध आहेत. भिंतीतल्या स्नायूपेशींच्या वाढीवर त्यांचा उपयोग होत नाही. म्हणजे गोळ्या नीट घेऊनही नस हळूहळू अरुंद होऊ शकते, यात घेणाऱ्याची चूक नसते.

पण याचा अर्थ 'उपयोग नाही तर बंद करा' असा कुणी काढू नये. औषधी स्टेंटच्या तारांवर शरीराचं पातळ अस्तर चढायला साध्या जाळीपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण औषध पेशींची वाढच रोखतं. तोवर उघड्या धातूवर गुठळी होण्याचा धोका असतो. छातीत अधूनमधून दुखतं म्हणून ठरवून केलेल्या प्लास्टीनंतर (बलून-स्टेंटने नस उघडण्याला प्लास्टी म्हणतात) साधारण ६ महिने, आणि अटॅकनंतर केलेल्या प्लास्टीनंतर साधारण १२ महिने दोन्ही गोळ्या. पुढे एक गोळी कायम. रक्तस्रावाचा धोका बघून हृदयाचे डॉक्टर हा काळ कमी-जास्त करतात. दात काढायचा आहे म्हणून दुकानात विचारून गोळी थांबवणं इकडे फार चालतं. तसं करू नका. हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा, बहुतेक दातांची कामं गोळी चालू ठेवूनच होतात.

आणखी एक. क्लोपिडोग्रेल चालू असताना ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल सहसा देत नाहीत. क्लोपिडोग्रेल यकृतात गेल्यावर कामाला लागतं आणि ही औषधं तीच पायरी अडवतात. पॅन्टोप्राझोलने ही अडचण फार कमी येते.

घटप्रभा, गोकाक

मलप्रभाकाठ यांनी तीन प्रकार सांगितले, त्यात पहिल्याचेही दोन टप्पे आहेत. ते वेगळे केले नाहीत तर पेशंट आयुष्यभर चुकीच्या गोष्टीला दोष देत बसतो.

साध्या जाळीत परत अरुंद होणं ६ ते ८ महिन्यांत व्हायचं आणि तिथं थांबायचं. वर्ष निघालं की सुटलो म्हणायची पद्धत त्या काळातली आहे. औषधी स्टेंटमध्ये तसं नाही. एव्हरोलिमस या सिरोलिमसच्याच कुळातल्या औषधाच्या स्टेंटमधलं साधारण ८० टक्के औषध पहिल्या ३० दिवसांत बाहेर पडतं आणि चार महिन्यांत संपतं. पुढे उरतो तो धातू, आणि काही स्टेंटमध्ये औषध धरून ठेवणारा पॉलिमर. काहींच्या शरीरात या पॉलिमरमुळे सूज रेंगाळत राहते. पहिल्या वर्षानंतरही दरवर्षी आणखी जवळपास २ टक्के लोकांना स्टेंटशी संबंधित त्रास होतो, आणि हे थांबत नाही.

वर्षांनंतरच्या या त्रासाचं मोठं कारण म्हणजे स्टेंटच्या आत नव्याने साचणारी चरबी. स्टेंटवर चढलेलं नवं अस्तर मूळ अस्तराइतकं घट्ट नसतं. त्यातून एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल आत झिरपतं, पांढऱ्या पेशी ते खाऊन फुगतात, पातळ कवचाखाली चरबी साठते. मूळ नशीत जे घडायला कित्येक वर्षं लागतात ते स्टेंटमध्ये काही वर्षांतच घडू शकतं. कवच फुटलं तर वर गुठळी, म्हणजे पहिला आणि दुसरा प्रकार इथं एकत्र येतात. म्हणून रिस्टेनोसिस नेहमी सावकाशच दिसेल असं धरू नका, बऱ्याच जणांत ते अटॅकसारखंच येतं.

या टप्प्यावर गोळीचा खरा उपयोग होतो, पण ती स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी. ॲटोर्व्हास्टॅटिन ४० ते ८० मिग्रॅ किंवा रोसुव्हास्टॅटिन २० ते ४० मिग्रॅ, त्याने भागलं नाही तर एझेटिमाइब १० मिग्रॅ जोडीला. युरोपीय मार्गदर्शक सूचनांत स्टेंट झालेल्याचं एलडीएल ५५ मिग्रॅ/डेसीलिटरच्या खाली हवं असं म्हटलं आहे. लॅबच्या कागदावर '१०० पेक्षा कमी, नॉर्मल' असं छापलेलं असतं ते धडधाकट माणसासाठी. एलडीएल ९५ बघून स्टॅटिन अर्धी करणारे लोक आपल्याकडे खूप आहेत, आणि मला याची मनापासून काळजी वाटते.

मधुमेह हे दुसरं मोठं कारण. साखर जास्त असेल तर स्नायूपेशींची वाढ जोरात होते, नशी मुळातच बारीक असतात, रोग लांबवर पसरलेला असतो, म्हणजे लांब आणि बारीक स्टेंट लागतात. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर, साधारण ७ टक्क्यांच्या आसपास ठेवावं. आपल्याकडे कुंदा आणि करदंट पाहुणचारात नाही म्हणता येत नाही हे खरं, पण करदंटात सुकामेवा आहे म्हणून तो मधुमेहाला चालतो ही समजूत सोडून द्या, गूळ गूळच आहे.

निपाणीकर

तंबाखूबद्दल विचारायचं होतं. आमच्या भागात तंबाखूचं पीक, विड्यांचा धंदा. ओढत नाही, फक्त मळून तोंडात धरतो, असं म्हणणारे पुष्कळ. त्याने स्टेंट अरुंद होतो का?

घटप्रभा, गोकाक

धूम्रपानाचा सर्वांत ठळक संबंध गुठळीशी आणि नव्या जागी होणाऱ्या अडथळ्यांशी आहे. स्टेंटच्या आतल्या वणाशी तो मधुमेहाइतका सरळ नाही. पण हा फरक पेशंटच्या कामाचा नाही. मळलेल्या तंबाखूतूनही निकोटिन रक्तात जातं, नाडी आणि रक्तदाब वाढतो. विडी काय, मळलेली काय, दोन्ही बंद.

कॅथलॅब टेक्निशियन, बेळगाव

आता उपचाराकडे. माझं ठाम मत आहे की का अरुंद झालं हे आतून बघितल्याशिवाय त्यावर दुसरा स्टेंट टाकू नये. स्टेंट उघडलाच नसेल आणि आत दुसरा टाकला, तर अरुंद पाइपात आणखी एक पाइप जातो. तारांचे दोन थर होतात, जागा आणखी घटते, आणि पुढच्या वेळी कुठलाही बलून ते दोन्ही थर उघडू शकत नाही.

क्रम असा असतो. आधी ओसीटी किंवा आयव्हस. स्टेंट कमी उघडलेला दिसला तर न ताणणारा, म्हणजे दाब वाढवला तरी जाडीला न वाढणारा बलून १८ ते २० ॲटमॉस्फिअर (दाबाचं माप) किंवा जास्त दाबाने. बलून घसरत असेल तर पात्या किंवा तारा असलेला बलून, तो वाढलेल्या पेशींत चिरा पाडतो आणि जागेवर धरतो. मागे कॅल्शियमचं कडं असेल तर ध्वनिलहरींचा बलून, म्हणजे लिथोट्रिप्सी. तो ४ ॲटमॉस्फिअरला फुगवून लहरी सोडतात, कॅल्शियमला तडे गेले की ६ ला नेतात. स्टेंट उघडेपर्यंत पुढे जायचं नाही.

उघडल्यावर औषध द्यायचं. ते दोन वाटांनी, औषधाचा लेप असलेला बलून किंवा नवा औषधी स्टेंट.

मलप्रभाकाठ, खानापूर

इथं थोडा मतभेद नोंदवतो. औषधी बलूनकडे हल्ली सगळ्यांचा कल आहे, पण औषधी स्टेंटमधल्या रिस्टेनोसिसवर एकत्रित अभ्यासांत तीन वर्षांनंतर त्याच जागी परत प्लास्टी लागण्याचं प्रमाण नव्या औषधी स्टेंटमध्ये काहीसं कमी आहे. मग सरसकट बलून का?

कॅथलॅब टेक्निशियन, बेळगाव

सरसकट नाहीच म्हणत. एकच थर असेल, आधीचा स्टेंट पुरता उघडला असेल, वाढ एकसारखी आणि १० मिमीच्या आतली असेल, तर बलूनने भागतं आणि धातूचा थर वाढत नाही. तार तुटली असेल, दोन स्टेंटमध्ये फट असेल किंवा टोकाला रोग असेल, तिथं नवा स्टेंटच योग्य. दोन थर आधीच असतील तर तिसरा टाळायचा.

औषधी बलूनची एक मर्यादाही लक्षात घ्या. आधी साध्या बलूनने अडथळा ३० टक्क्यांच्या खाली आणावा लागतो, रक्तप्रवाह अडवणारी चीर नसावी लागते, तरच तो वापरतात. लेपात पॅक्लिटॅक्सेल हे पेशींची वाढ रोखणारं औषध असेल तर साधारण २ ते ३ मायक्रोग्रॅम प्रति चौ. मिमी, आणि तो रक्तात धुऊन जायच्या आत जागेवर पोचावा लागतो. मग ३० ते ६० सेकंद फुगवून धरतात. एकदाच वापरता येतो. लेपाला बोट लावायचं नाही. तो दोन्ही टोकांना २-३ मिमी पुढे जाईल एवढा लांब घेतात. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये याच कामासाठी पहिल्या औषधी बलूनला मान्यता मिळाली. त्या मान्यतेमागच्या ६०० रुग्णांच्या अभ्यासात वर्षभरात त्या जागेशी निगडित अपयश औषधी बलूनमध्ये १७.९ टक्के आणि साध्या बलूनमध्ये २८.६ टक्के होतं. म्हणजे औषधी बलूननेही १०० पैकी १८ जणांना परत त्रास होतो. तोही जादू नाही, हे पेशंटला आधीच सांगायला हवं.

आधी तीन-चारदा त्याच जागी काम झालं असेल, मधुमेह असेल, मुख्य डाव्या नशीला किंवा तिन्ही नशींना रोग असेल, तर बायपासचा विचार मोकळेपणाने व्हावा. 'स्टेंट आहे म्हणून बायपास होत नाही' हे खरं नाही. स्टेंटच्या पुढची नस जोडण्याजोगी चांगली असेल तर होतो.

टिळकवाडीची वाचक

सहा महिन्यांनी सगळ्यांनीच अँजिओग्राफी करून घ्यावी का? काही जण तशी तारीखच लावून घेतात.

मलप्रभाकाठ, खानापूर

लक्षणं नसताना नाही. पडद्यावर ५० टक्के दिसलं की हात शिवशिवतात आणि गरज नसलेली प्लास्टी होते. २०२२ मध्ये आलेल्या कोरियातल्या १,७०६ जोखमीच्या रुग्णांच्या अभ्यासात प्लास्टीनंतर वर्षाने सगळ्यांची ताण चाचणी (हृदयावर ताण देऊन तपासणी) केली तरी दोन वर्षांत मृत्यू, अटॅक यांत फरक पडला नाही. मध्यम अडथळ्याबद्दल शंका असेल तर नशीत दाब मोजणारी वायर घालतात, एफएफआर, म्हणजे अडथळ्याच्या पुढच्या आणि मागच्या दाबाचं गुणोत्तर, ०.८० किंवा खाली आला तर तो अडथळा रक्त कमी पाडतोय असं धरतात.

लक्षणं मात्र ओळखा. पूर्वी ज्या चालीला किंवा चढाला दुखायचं त्याच जातीचं दुखणं परत येणं, जबडा किंवा डावा हात भरून येणं, मधुमेह्यांमध्ये न दुखता नुसती धाप लागणं. असं हळूहळू सुरू झालं तर ओपीडीत दाखवा. आरामात बसून १५-२० मिनिटं दुखत राहिलं, घाम आला, तर ओपीडीची वाट न बघता १०८ ला फोन. ते थेट कॅथलॅब असलेल्या ठिकाणी जायचं प्रकरण आहे. निपाणीहून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ पडतं, हद्द बघत बसू नका.

सीटी अँजिओग्राफीबद्दलही विचारलं जातं. ३ मिमीपेक्षा बारीक स्टेंटमध्ये धातूची चमक पसरते आणि आतलं नीट दिसत नाही.

औषधपेढी, शहापूर

'स्वस्त स्टेंट टाकला म्हणून बंद झाला' असंही ऐकू येतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. तेव्हा साधी जाळी ७,२६० रुपये आणि औषधी स्टेंट २९,६०० रुपये अशी कमाल किंमत ठरली, नंतर ती वेळोवेळी बदलली. त्याच कमाल किमतीत पातळ तारांचे चांगले औषधी स्टेंट मिळतात. पहिल्या सिरोलिमस स्टेंटच्या तारा १४० मायक्रॉन जाड होत्या, आताच्या बऱ्याच स्टेंटच्या ६० ते ८० मायक्रॉन आहेत. तार पातळ, तर जखम कमी आणि अस्तर लवकर. किमतीपेक्षा माप आणि उघडणं बघा.

निपाणीकर

हद्दीपलीकडे दाखवायचं असेल तर सोबत काय न्यायचं, तेही कुणीतरी लिहा. इकडचे बरेच पेशंट मिरज-कोल्हापूरला जातात.

कॅथलॅब टेक्निशियन, बेळगाव

पहिली गोष्ट स्टेंट कार्ड. त्यावर स्टेंटचं नाव, व्यास, लांबी, कुठल्या नशीत आणि तारीख असते. दुसरी, अँजिओ आणि प्लास्टी दोन्हींची सीडी. नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही, कारण पहिल्या वेळी बलून किती दाबाला फुगवला, कॅल्शियम किती होतं, हे चित्रातच कळतं. सीडी ओरखडते, म्हणून पेन ड्राइव्हवर प्रत काढून ठेवा. तिसरं, अलीकडचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी. किडनी कमजोर असेल तर डायच्या आधी पाणी आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी याबद्दल डॉक्टर सांगतील तसं करावं लागतं. चौथं, सध्याच्या गोळ्यांची पट्टी, नुसती नावं नकोत, मिग्रॅसकट.

योजनेतून करायचं असेल तर कर्नाटकात आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक आहे, आणि सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्राने महात्मा फुले योजना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये घेतला. दोन्हीकडे रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. त्याला भरती व्हायच्या आधी तीन प्रश्न विचारा. गावाचं नाव यादीत आहे का आणि कुठला दाखला चालेल. औषधी बलून पॅकेजमध्ये बसतो का. आयव्हस किंवा ओसीटी बसतं का, नसेल तर वरचे पैसे किती.

टिळकवाडीची वाचक

आणि डॉक्टरांना काय विचारायचं?

कॅथलॅब टेक्निशियन, बेळगाव

'आधीचा स्टेंट पूर्ण उघडला होता का, आणि ते कशावरून कळलं?' एवढंच, ताई. उत्तरात चौ. मिमीचा आकडा आला तर आतून बघितलेलं आहे.